वाळवंटात मुक्काम कुठे करावा?

जैसलमेरला जाऊन आलेल्या दोन घरांशी बोललात, तर ती दोन वेगळी वाळवंटे सांगतात. एका घराला आठवतो तो उंटांचा घोळका, वाळूत उड्या मारणाऱ्या जीपगाड्या आणि रात्रीचा ध्वनिक्षेपक. दुसऱ्या घराला आठवते पहाटेची थंडी, गवतातून पळणारा चिंकारा आणि क्षितिजापर्यंत भरलेले तारे. दोघांनी एकाच मोसमात, जवळजवळ सारखेच पैसे खर्च केलेले असतात. फरक असतो तो मुक्कामाच्या जागेचा. म्हणून हदगावातल्या, तामशातल्या ओळखीच्या माणसांनी विचारले की मी त्यांना आधी पाहण्याच्या ठिकाणांची नावे सांगत नाही. आधी रात्र कुठे काढायची ते सांगतो.

जागा निवडण्यापूर्वी तिथले राष्ट्रीय मरू उद्यान कसे आहे ते समजून घ्यावे लागते. ताडोबा किंवा टिपेश्वर पाहिलेल्या माणसाला वाटते की एक प्रवेशद्वार असेल, आत जंगल आणि बाहेर हॉटेले. राष्ट्रीय मरू उद्यान तसे नाही. १९८० साली राखीव झालेला हा ३,१६२ चौरस किलोमीटरचा प्रदेश जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरला आहे. नावात राष्ट्रीय उद्यान असले तरी कायद्याने त्याचा दर्जा अभयारण्याचा आहे आणि त्याच्या पोटात गावे, शेते, चराऊ राने, देवळे, शाळा सगळे आहे. सलग कुंपण नाही. रस्त्याने जाताना आपण उद्यानात कधी शिरलो ते कळतही नाही. वनखात्याने काही तुकडे जाळीने बंदिस्त करून गवत वाढू दिले आहे, आणि खरे वन्यजीवन पाहायचे ते प्रामुख्याने तिथे. सुदासरी हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा तुकडा.

आणखी एक समजूत आधीच मोडलेली बरी. हे सगळे वाळूच्या टेकड्यांचे रान नाही. टेकड्यांचा भाग थोडा आहे. बाकी खडकाळ माळ, मुरमाड पठार, खारवट सखल जागा आणि सेवण गवताचे विस्तीर्ण पट्टे. आपल्याकडच्या माळरानाची सवय असलेल्या डोळ्याला यातले बरेच ओळखीचे वाटते. रुई आहे, बोर आहे, आणि ज्या शमीची आपण दसऱ्याला पूजा करतो तीच तिथे खेजडी म्हणून शेताच्या बांधावर उभी आहे. पाऊस मात्र नांदेड जिल्ह्यात पडतो त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढाच. त्या ओलीवर गवत उगवते, गवतावर टोळ-नाकतोडे वाढतात, आणि त्या गवतात माळढोक राहतो.

मी या प्रवासाला निघालो तो मुख्यतः माळढोकासाठी. हा पक्षी आपल्या महाराष्ट्राच्याही माळांचा. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले, पण आता तिथे तो दिसणे जवळजवळ संपले आहे. जगात दीडशेच्या आसपासच पक्षी उरल्याचे मानले जाते आणि त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत वजनाचा, उडणाऱ्या पक्ष्यांमधला एक सर्वांत जड. मादी विणीच्या हंगामात बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. ज्याची वाढ इतकी सावकाश, त्याच्या रानात आपण कुठे झोपतो, किती दिवे लावतो आणि किती गाड्या फिरवतो याला महत्त्व आहे. माझ्या मते मुक्काम निवडण्याची खरी कसोटी इथून सुरू होते.

जाण्याचे थोडक्यात सांगतो. हदगावला अजून रेल्वे नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचे काम चालू आहे. तोवर एसटीने वारंगा फाट्यावरून नांदेड गाठायचे. काचीगुडाहून भगत की कोठीला जाणारी गाडी २०२५ पासून नांदेडवरून धावते, आणि भगत की कोठी म्हणजे जोधपूरचेच दुसरे स्थानक. तिथून जैसलमेर रस्त्याने पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, रेल्वेही आहे. हातात अर्धा दिवस असेल तर वाटेत फलोदीजवळच्या खीचनला थांबावे. हिवाळ्यात तिथे हजारो क्रौंच उतरतात, गावकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना दाणे टाकत आले आहेत, आणि २०२५ मध्ये त्या पाणथळीला रामसर दर्जा मिळाला.

जैसलमेर शहरात पहिली रात्र काढावी असे माझे स्पष्ट मत आहे. लांबच्या प्रवासाने अंग आंबलेले असते, आणि उद्यानाच्या बंदिस्त भागात जायची परवानगी शहरातल्या वनखात्याच्या कार्यालयातून घ्यावी लागते. हॉटेलांची शहरात उणीव नाही. राजस्थान पर्यटन महामंडळाचे ‘मूमल’ आहे, स्थानकाजवळ साध्या खोल्या आहेत, किल्ल्याच्या पायथ्याशी जुन्या हवेल्यांची केलेली अतिथिगृहे आहेत. प्रश्न येतो तो किल्ल्याच्या आतल्या खोल्यांचा. पिवळ्या दगडाच्या झरोक्यातून सूर्योदय, असे फोटो पाहून कुणाचेही मन जाते.

तरीही किल्ल्यात राहू नये. ११५६ साली रावळ जैसलने वसवलेला हा किल्ला आजही नांदता आहे. आत काही हजार माणसे राहतात. तो बांधला गेला तेव्हा पाणी घड्यातून डोक्यावर येत असे, आणि तेवढ्याच सांडपाण्याचा विचार त्या रचनेत आहे. नळ आले, मग न्हाणीघरे असलेल्या खोल्या आल्या, आणि पाणी खालच्या मऊ थरांत मुरू लागले. पाया भिजला तशी तटबंदी आणि बुरूज सरकू लागले, ढासळू लागले. धोक्यातल्या वास्तूंची जी यादी वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने १९९६ साली पहिल्यांदा काढली, तिच्यात जैसलमेरचा किल्ला होता. २०१३ मध्ये राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांबरोबर तो जागतिक वारशात गेला, म्हणून त्याच्या पायातले पाणी थांबले असे नाही. दिवसभर किल्ला बघा, तिथल्या जैन मंदिरांतले कोरीवकाम सावकाश बघा, तिथल्या दुकानदाराकडून चार वस्तू घ्या. झोपायला आणि अंघोळीला खाली या.

आता वाळूकडे. शहराच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर सम आहे. बहुतेक सहल कंपन्या इथेच आणतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तंबूंच्या छावण्या लागलेल्या दिसतात, त्यांना तिथे ‘कॅम्प’ किंवा ‘रिसॉर्ट’ म्हणतात. तंबू म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतो तसा दोऱ्या-खुंट्यांचा नव्हे. खाली सिमेंटचा चौथरा, वर जाड कापड, आत पलंग, मागे फरशीचे न्हाणीघर. त्याला ‘स्विस टेंट’ हे नाव पडले आहे. शेजारीच मातीच्या भिंतींची आणि गवताच्या छपराची गोल ‘कॉटेज’ असतात. गुडघ्यांचा त्रास असलेली आई बरोबर होती, म्हणून मी कमोड आहे का, पायऱ्या किती आणि जेवणाच्या जागेपासून खोली किती लांब हे फोनवरच विचारून घेतले होते. वयस्क माणूस सोबत असेल तर कापडी तंबूपेक्षा मातीचे कॉटेज घ्यावे. रात्रीचा गारठा आत येत नाही आणि दुपारी ते तापत नाही.

समच्या छावणीत पैसे खोलीचे नसतात, ‘पॅकेज’चे असतात. संध्याकाळचा चहा, उंटाची फेरी, जीप, मांगणियार कलावंतांचे गाणे आणि कालबेलियांचे नृत्य, रात्रीचे जेवण, सकाळचा नाश्ता, असे एकत्र बांधलेले. यातले गाणे ऐकण्यासारखे असते. कमायचा आणि खडताल यांवर मांगणियार म्हणतात ते घराण्यातून आलेले गाणे आहे. त्यांच्या पुढ्यात बसून ऐकायला मिळणे हे भाग्यच. पण पुष्कळ ठिकाणी अर्ध्या तासात त्यांना उठवून हिंदी चित्रपटगीतांचा ध्वनिक्षेपक लावतात. आमच्या शेजारच्या एका छावणीतला आवाज दहा वाजून गेले तरी थांबेना, आणि आईला रात्रभर झोप लागली नाही. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावायला देशभर बंदी आहे. वाळवंट त्याला अपवाद नाही. नोंदणी करतानाच विचारावे: तुमच्याकडे डीजे असतो का, शेजारी असतो का, किती वाजता बंद होतो? प्रामाणिक मालक सरळ सांगतो. जो ‘तुम्हाला हवा तसा ठेवू’ म्हणतो, तिथे जाऊ नये.

आणखी दोन गोष्टी आधी विचारायच्या. पहिली, छावणी समच्या मुख्य रस्त्यावर आहे की अलीकडे कनोई, सलखाकडे गावाच्या बाजूला. नकाशावरचे उपग्रहचित्र उघडले तर शेजारी किती छावण्या आहेत ते दिसते. एकमेकींना खेटून असतील तर सोडून द्यावे. दुसरी, पॅकेजमधली जीप. वाळूच्या टेकडीवर गाडी उभी-आडवी उडवणे हा तिथला मोठा धंदा झाला आहे. त्याच वाळूत आणि कडेच्या कठीण जमिनीत सांडा नावाचा काटेरी शेपटीचा सरडा बीळ करून राहतो. तो मुख्यतः वनस्पती खातो, आणि कोल्हे, गरुड, ससाणे त्याच्यावर जगतात. चाकाखाली बिळे बुजतात, गवताची मुळे उखडतात. आम्ही जीप नको म्हणालो, तेव्हा मालकाने तेवढे पैसे कमी केले. मागितले तर मिळते.

मला आवडले ते खुडी. जैसलमेरच्या नैऋत्येला पंचेचाळीसेक किलोमीटरवरचे हे गाव. टेकड्या समपेक्षा छोट्या आहेत, म्हणून गर्दी तिकडे वळत नाही. इथे मुक्काम म्हणजे बहुधा एखाद्या घराच्या आवारातल्या मातीच्या झोपड्या. अंगण शेणाने सारवलेले, भिंतींवर पांढऱ्या मातीची नक्षी. खाट, रजई, एक दिवा. गरम पाणी बादलीतून, चुलीवर तापवलेले. चकचकीत न्हाणीघराची अपेक्षा धरून इथे येऊ नये, पण घरातली माणसे आपल्यासोबत जेवायला बसतात हे दुसरीकडे मिळत नाही. बाजरीची भाकरी, कढी, गट्ट्याची भाजी, लसणाची चटणी आणि केर-सांगरी. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, वाळवून ठेवलेल्या. आईने ज्वारीच्या भाकरीची आठवण काढली, पण दुसरी बाजरीची भाकरीही मागून घेतली.

“बाबा, पाणी कुठून आणता रं तुम्ही?” तिने यजमानांना विचारले.

“माजी, पहले तो टांका ही था,” ते म्हणाले, आणि अंगणाच्या कडेला बांधलेले झाकणाचे गोल टाके दाखवले. पावसाचे पाणी भोवतालच्या उतारावरून गोळा करून वर्षभर पुरवण्याची ती सोय. आता टँकर येतो, नळयोजना आली आहे, इंदिरा गांधी कालव्याचे पाणी जिल्ह्यात पोचले आहे. तरी टाके कोरडे पडू देत नाहीत. इसापूर धरणाच्या कालव्याला पाणी कधी सुटणार याची वाट पाहणाऱ्या आम्हा हदगावकरांना त्यांचे हे बोलणे समजावून सांगावे लागले नाही. त्या रात्रीनंतर आम्ही सगळ्यांनी एकेका बादलीत अंघोळ उरकली. वाळवंटात मुक्काम निवडताना पोहण्याच्या तलावाची जाहिरात दिसली, तर ती जागा मी यादीतून खोडतो. ज्या गावाची बाई पाण्यासाठी टाके झाकून ठेवते, तिथे शेजारी निळ्या फरशीचा तलाव भरलेला पाहवत नाही.

अंधार हीसुद्धा मुक्कामाची सोय आहे, आणि तिची चौकशी कुणी करत नाही. चांगल्या आकाशाची किंमत आता जगाला कळू लागली आहे. अमेरिकेतल्या डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री या वाळवंटी उद्यानांना गडद आकाशाचा दर्जा आहे, आणि २०२४ च्या जानेवारीत आपल्या पेंचला तो भारतात पहिल्यांदा मिळाला. कॅलिफोर्नियातली मराठी कुटुंबे त्या उद्यानांत तंबू ठोकून राहतात. तिथे आतल्या सरकारी तळांवर आखलेली जागा मिळते, शेकोटीचे कडे मिळते, पण जोशुआ ट्रीच्या बहुतेक तळांवर पाण्याचा नळ नाही. पाणी गाडीतून न्यायचे. डेथ व्हॅलीत तर मोसमाप्रमाणे उंची निवडावी लागते: हिवाळ्यात समुद्रसपाटीखालचा तळ, उन्हाळ्यात डोंगरावरचा. १९१३ च्या जुलैत तिथे ५६.७ अंशांची नोंद झाली आहे. आपल्या मरू उद्यानात स्वतःचा तंबू कुठेही ठोकायची सोय नाही, आणि ठोकूही नये. सीमा जवळ आहे, गावकऱ्यांची चराई आहे, आणि जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत. म्हणून अंधार हवा असेल तर तो यजमानाकडे मागावा लागतो. खुडीत आम्ही सांगितल्यावर अंगणातला दिवा मालवला. मुलांना आकाशगंगा पहिल्यांदा दिसली. लांबवर पवनचक्क्यांचे लाल दिवे मात्र रात्रभर लुकलुकत होते.

त्या दिव्यांच्या खालून जाणाऱ्या विजेच्या तारा हे माळढोकाच्या मरणाचे आजचे मोठे कारण आहे. या पक्ष्याचे डोळे बाजूंना आहेत, समोरचे त्याला कमी दिसते, आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळता येत नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या क्षेत्रातल्या तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये तो सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. दरम्यान सममध्ये २०१९ पासून आणि पुढे रामदेवरा येथे प्रजनन केंद्रे चालू आहेत. अंडी उबवून पिल्ले वाढवली जातात, आणि २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. केंद्रे पर्यटकांसाठी नाहीत. तिथे जाण्याचा हट्ट धरू नये.

रानातला पक्षी पाहण्यासाठी सुदासरी. जैसलमेरपासून साधारण साठ किलोमीटर, समहून किंवा खुडीहून जीपने पहाटे निघता येते. वनखात्याच्या तिथे साध्या झोपड्या आहेत आणि त्यांची नोंद शहरातल्याच कार्यालयातून होते. खऱ्या पक्षिवेड्याने, एकट्या-दुकट्याने, तिथे रात्र काढावी. सोबत पाणी, शिधा, पांघरूण, विजेरी आणि ‘नाही मिळाली तर’ म्हणून खुडीतली पर्यायी खोली. लहान मुले आणि वयस्क माणसे असतील तर मी सुदासरीचा मुक्काम सुचवणार नाही. पहाटेची फेरी पुरते. पहाट महत्त्वाची. ऊन चढले की जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि दुर्बिणीतून काही धड दिसत नाही.

आम्ही गेलो तेव्हा आधी चिंकारे दिसले, मग पांढऱ्या शेपूटटोकाचा वाळवंटी कोल्हा, मग पखुर्डीचा थवा डोक्यावरून ओरडत गेला. वनरक्षकाने बराच वेळ सेवणाच्या पट्ट्यावर नजर फिरवून बोट दाखवले. गवताच्या वर एक पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. चालताना मान ताठ, पाऊल सावकाश. दोन पक्षी होते. जीप पुढे न्यायची गोष्ट आमच्यापैकी कुणी काढली नाही, वनरक्षकानेही काढली नाही. त्याच्या भाषेत तो गोडावण, राजस्थानचा राज्यपक्षी. नान्नजचे ऐकल्यावर तो म्हणाला, “साहब, आपके यहाँ भी बचाना चाहिए था.” मी मान हलवली.

अकल हे उद्यानाचाच भाग असल्यासारखे आहे. तिथे राहायला काही नाही, पण शहरातून बाडमेर रस्त्याला सतरा किलोमीटरवर असल्याने शहरातल्या मुक्कामात ते बसते. अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके तिथे पडले आहेत. सर्वांत लांब तेरा मीटरांचा. आज जिथे पाण्यासाठी टाके बांधतात तिथे एकेकाळी दाट अरण्य होते, हे मुलांना पुस्तकापेक्षा तिथे चटकन समजते. सीमेकडची लोंगेवाला आणि तनोट ही ठिकाणे मात्र लांब आहेत. त्यासाठी वेगळा दिवस धरावा, नाहीतर सगळी सुट्टी गाडीत जाते.

मोसमाचे सांगून थांबतो. मार्च सरता सरता छावण्या आवरू लागतात आणि मेमध्ये पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. त्या दिवसांत जाऊ नये. पावसाळ्यात गवत हिरवे होते, पण तो माळढोकाच्या विणीचा काळ, तेव्हा आपण दूर राहिलेले बरे. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात समचे दर दुपटीच्या पुढे जातात आणि आवाजही. माघ पौर्णिमेच्या सुमाराला जैसलमेरचा मरू महोत्सव असतो. गाणे-बजावणे हवे असेल तर तेव्हा, शांतता हवी असेल तर तेव्हा नाही. आपल्याकडच्या माणसाला नोव्हेंबरचा शेवट ते डिसेंबरचा मध्य चांगला. सोयाबीन घरात आलेले असते, हरभरा पेरून झालेला असतो, हळद काढायला अजून वेळ असतो. अमावास्येच्या जवळची तारीख धरून खुडीची खोली महिनाभर आधी फोनवर ठरवावी. रात्री पारा पाच अंशांपर्यंत उतरतो, म्हणून कानटोपी आणि एक जादा पांघरूण घरूनच न्यावे. जैसलमेरात उतरल्याच्या सकाळी वनखात्याच्या कार्यालयात ओळखपत्राची प्रत घेऊन जावे. सुट्टीच्या दिवशी उतरलात तर परवानगीसाठी एक दिवस वाया जातो, तेव्हा रेल्वेचे तिकीट काढतानाच वार पाहून घ्यावा.